खोटा उपास

तव्यावरच्या तांदळाच्या भाकरीचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. वाशी तेव्हा नवीन वसत होती. आमच्या चर्चमध्ये परदेशातून सेवेसाठी एक गट आला होता आणि मला इंग्रजी येतं म्हणून दुभाषी करून त्यांनी उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावात नेलं. सकाळभर औषधं वाटली, प्रार्थना झाल्या. दुपारी एका आगरी बाईने ओसरीवर आम्हा सगळ्यांची पानं मांडली. भाकऱ्या होत्या आणि तिने स्वतः चिखलात उतरून धरलेल्या निवट्यांचं, म्हणजे खाडीतल्या छोट्या माशांचं, कालवण. गटाच्या प्रमुखाने ताटाकडे बघून नाक मुरडलं आणि हळूच मला म्हणाला, “सांग, आज आमचा देवाचा उपास आहे.” मी सांगितलं. बाईने लगेच हात जोडले. “उपास हाय? मंग मी पन नाय जेवनार. पाव्हनं उपाशी नि मी कशी खाऊ?” तिने सगळं झाकून ठेवलं. दहा मिनिटांनी गावाबाहेर थांबवलेल्या जीपमध्ये बिस्किटांचे आणि डबाबंद माशांचे डबे उघडले गेले. “ती तिथे तुमच्यासाठी उपाशी बसलीय!” मी ओरडले. “तिला कुठे कळणार आहे?” प्रमुख हसला. मी उतरले, परत गेले आणि तिला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, “त्याला नको व्हतं, तं नको म्हनायचं. तू देवाचं नाव घेऊन खोटं कशाला बोललीस?” त्या माणसाला मी इतक्या वर्षांत कधीच माफ केलं नाही. पण उपासाचं ते वाक्य मराठीत मीच बोलले होते.