अप्पांची पटाशी

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या हृदयात धातूची झडप बसवली, त्याला तीन वर्षं झाली. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची गोळी, दर महिन्याला तपासणी. गोळी चालू असताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. एवढं ऐकलं मात्र, अप्पांच्या पटाश्या, रंधे, करवती सगळं उचलून मी माझ्या घरी कुलपात टाकलं.

चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. आता लोकांच्या दारा-खिडक्यांवरून हात फिरवत हिंडायचा. "कोणी केलंय हे? हात मोडले होते का त्याचे?" माझ्याकडे आले की जेवता जेवता टेबलाची कड चाचपायचे.

"पोरी, एकच पटाशी दे. नुसती धार लावतो."

"अप्पा, हट्ट करू नका."

ते उठून जायचे. भुशात माखलेले, शीळ घालणारे माझे अप्पा मला हवे होते, आणि जिवंतही हवे होते. मी मनावर दगड ठेवला.

एका सकाळी ते खुशीत आले. खिशातून दाढीचं पातं काढलं आणि मी ओरडेपर्यंत स्वतःच्या बोटावर ओढलं.

"घड्याळ बघ!" थोडं रक्त आलं, थांबलं. "बघितलंस? आठ दिवस गोळी बंद केलीय. आता दे माझी हत्यारं."

मी त्यांना रिक्षात बसवलं. तडक दवाखाना गाठला. नशीब, गुठळी धरली नव्हती. गोळी पुन्हा सुरू झाली, आणि तिचा असर येईपर्यंत रोज पोटात इंजेक्शनं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, मी मनातून खूश. मग त्या म्हणाल्या, "गोळी चुकवायची नाही. काम जपून करा, कापलं तर घट्ट दाबून धरा, तरी थांबलं नाही तर लगेच इकडे या. पण काम सोडायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

अप्पा छताकडे बघत राहिले. माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही.

घरी आल्यावर मी हत्यारं त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी माळ्यावरची एक जुनी फळी काढली, दोन तुकडे केले, सांध्यासाठी खाच पाडायला बसले. तासभर खपले. तुकडे एकमेकांत बसवले, तर सांधा डुगडुगला. पुन्हा तासलं, पुन्हा बसवलं. आणखीच सैल झाला.

"लाकूड ओलं आहे," ते म्हणाले.

ती फळी किती वर्षं माळ्यावर वाळत पडली होती, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"हो अप्पा," मी म्हणाले, "ओलंच दिसतंय."