कोपरभर पाणी

माझ्या मामाला सगळे कोपरमामा म्हणायचे. त्याची उजवी बाही कायम खांद्यापर्यंत सरकवलेली आणि तरीही ओली. मालकाच्या तळ्यात वाढणारे मासे त्याच्या हवाली होते, आणि त्याचं मोजमाप म्हणजे त्याचा हात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तो बांधावर पालथा पडायचा, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा आणि पंजाकडे बघायचा. पंजा दिसेनासा झाला तर पाणी हिरवं आहे, तळ्याचं पोट भरलेलं आहे. बोटं दिसली तर तळं उपाशी आहे, मग शेणखताच्या पाट्या ओतायच्या.

मासे हिरवं कुठे खातात, असं मी लहानपणी विचारलं, तेव्हा त्याने मला बांधावर बसवून अख्खं तळं समजावलं होतं. ऊन थेट खाता येतं ते फक्त हिरव्या शेवाळाला. ते इतकं बारीक, की पाण्याचा रंगच वाटावा. शेवाळावर टाचणीच्या टोकाएवढे किडे जगतात, किड्यांवर मासे, माशांवर पाणकावळे आणि आपण. खाल्लेल्यातलं बहुतेक प्रत्येक जण हलण्यात आणि श्वासातच उडवतो, पुढच्याच्या वाट्याला येतं चिमूटभर. म्हणून खाली ढीग असेल तरच वर घास मिळतो. मेलेलं, सडलेलं गाळातून पुन्हा हिरव्याला मिळतं, पण खर्चलेलं ऊन परत येत नाही, ते रोज नवं लागतं. हे सांगताना स्वारी अशी ऐटीत असायची, जणू सूर्य यानेच कामावर ठेवलाय.

यंदा मासे वाढेनात. जाळ्यात यायचे ते नुसती डोकी मोठी आणि अंगाने काटकुळे. मामा रोज हात घालून बघायचा आणि सांगायचा, पाणी हिरवंगार आहे. मग उरली वरून टाकायची पेंड. ती कोणीतरी पळवत असणार, आणि पेंडीच्या खोलीची किल्ली राखणदाराकडे. राखणदार मागे एकदा पाणी पातळ वाटतंय म्हणाला होता, तर मामाने त्याला झाडलं होतं, तू राखण कर, पाणी मी बघतो. आता मामा त्याच्या हात धुवून मागे लागला. मालकाने मामाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्याने राखणदाराला तळ्याकाठची खोली सोडायला सांगितलं. राखणदाराची बायको बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता. तिला दारात भांडी बांधताना पाहिलं आणि मला मामाचा राग आला, पण पेंड खरंच चोरीला गेली असेल तर, म्हणून मी तोंड बंद ठेवलं.

त्या दुपारी मी मामाचा डबा घेऊन गेले. उघडताना झाकण सटकलं आणि पाण्यात पडलं. गुडघाभर पाणी असेल. मामा वाकून हाताने चाचपडायला लागला. झाकण त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, तळाशी लखलखत होतं. खालचे खडेसुद्धा मला दिसत होते. मी झाकण उचललं.

घरी परत जाऊन मागच्या हौदात मी नळाचं ताजं पाणी भरलं, आणि मामाला उन्हात हौदाशी बोलावून घेतलं. हात घाल म्हटलं. कशाला, म्हणून तो करवादला, पण सवयीने वाकला. हात कोपरापर्यंत आत गेला.

"पंजा दिसतो का?" मी विचारलं.

"नाही. चांगलं हिरवं आहे. कुठल्या तळ्याचं आणलंस?"

"नळाचं आहे, मामा. पिण्याचं."

मग त्याने ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, आणि ओंजळ डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिला. मला रडू येत होतं. मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, काढता येतो, उद्याच डॉक्टरकडे जाऊ.

"म्हणजे तळं इतके महिने उपाशी होतं," तो म्हणाला. "पेंडीवर किती जगणार बिचारे." मग त्याने विचारलं, राखणदार गेला का. मी सांगितलं, सामान बांधून झालंय, टेम्पोची वाट बघतायत.

हे कबूल केलं की तळं आपल्या हातून जाणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. माशांचं पाणी ज्याला दिसत नाही, त्याला कोण ठेवून घेणार? त्याने उजवी बाही खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावलं. त्या बाहीला बटण आहे, हे मला तेव्हा कळलं.

"डोळ्याचं मग बघू," तो म्हणाला. "आधी मालकाकडे चल. आणि माझा हात धर. बांधावरून जाताना मला कडा दिसत नाही."