साहेबांचं पाचवं मशीन

राजेहो, दवाखान्यातले किस्से कोणी जमवायला जात नाही, ते गादीतल्या ढेकणांसारखे आपोआप वाढतात! धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. लोक ऐकून हसतात. माझं मात्र आजही डोकं सटकतं.

एका थंड खोलीत मोठं मशीन आणि त्याला तारेने जोडलेले पाच पडदे. नोंदणी, लॅब, वॉर्ड, रेकॉर्ड आणि पाचवा मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये. मोठे डॉक्टर म्हणजे मालक. कॉम्प्युटर आला त्याच महिन्यात त्यांनी जुनी रजिस्टरं रद्दीत काढली. कोणत्या पेशंटला कोणतं इंजेक्शन सोसत नाही, हे आता फक्त त्या मशीनला ठाऊक! मी म्हटलं, "साहेब, रजिस्टर तरी राहू द्या." तर म्हणतात, "तुमचाच कॉम्प्युटरवर विश्वास नाही?"

घ्या!

* * *

मग मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर आला, मोठ्या मशीनमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला. दुपारी टाकली, संध्याकाळी सावजीचं मटण हाणलं, घाम पुसत म्हणाला, "आता दहा वर्षं बघायला नको!" आणि गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डच्या कमलताईंनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर उमटलं, 'लॉगिन डिनाइड'. म्हणजे आत यायचं नाही!

मुंबईला ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला. इंजिनिअर विचारतो, "बाई पासवर्ड नीट टाकतात ना?"

एकोणीस वर्षांत त्या बाईच्या हातून एक केसपेपर हरवला नव्हता. आणि हा कालचा पोट्टा तिला अक्कल शिकवतो!

* * *

मी तार बदलली, पडदा बदलला, की-बोर्ड बदलला. पासवर्डही बदलून पाहिला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "रोज तीन वेळा बदला, जेवणानंतर!" म्हटलं, हसा लेको.

साहेबांनी निदान केलं, दोष बाईचा. हुकूम निघाला की कमलताईंनी टायपिंगचा क्लास लावावा. चोपन्नाव्या वर्षी! शाळकरी पोरींच्या शेजारी बसून बिचारीने महिनाभर बोटं झिजवली. हात चांगला बसला. सोमवारी आली आणि खटाखट पासवर्ड टाकला.

लॉगिन डिनाइड.

"पाहा भाऊ, फायदा झाला," कमलताई म्हणाल्या. "आता लवकर नाही म्हणते!"

* * *

साहेबांच्या केबिनमधल्या मशीनवर कोणी काडीचंही काम केलं नाही. वर क्रोशाचा रुमाल, बाजूला गणपती. पण पडद्यावर हिरवी अक्षरं हवीत, पाहुणे येतात ना! "सकाळी आठला माझं मशीन सुरू पाहिजे," असा हुकूम होता. त्यांना स्वतःचा पासवर्ड आठवत नसे, म्हणून रोज मीच टाकायचो.

एकदा कोणी विचारलं, "डॉक्टरसाहेब, यात काय काय होतं?"

"सगळं!" साहेब म्हणाले.

कमलताईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, "लाइन जाऊन आली का माझं मशीन चालते गा भाऊ. काहून असंन?" मी म्हटलं, वीज जाण्याचा काय संबंध, योगायोग. गाढव मी! इंजिनिअरला शिव्या देत होतो आणि बाईचं मीही ऐकलं नाही.

* * *

मग पारशिवनीकडचा एक बाप सोळा वर्षांच्या पोरीला घेऊन आला. अपेंडिक्स फुटायला आलेलं, ऑपरेशन तातडीचं. बाप हात जोडून म्हणाला, "मागच्या साली इथंच एका इंजेक्शननं पोरगी जात होती जी! नाव मले मालूम नाही. बाईनं मशीनीत लिवलं होतं."

ऑपरेशन थिएटरमधून निरोपावर निरोप, "नाव सांगा, लवकर!" कमलताईंनी पासवर्ड टाकला. डिनाइड. पुन्हा डिनाइड.

"काहून नाही सांगून राहिली थे मशीन?" बाप रडकुंडीला आला.

कमलताई ओरडल्या, "भाऊ, साऱ्यायची लाइन बंद करा!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नवी सिस्टिम एका वेळी चौघांनाच आत घेत होती! इंजिनिअरने सांगितलं नाही, मी मोजलं नाही. कमलताई नंदनवनहून बसने दहाला पोचायच्या, म्हणजे पाचव्या. लाइन गेली की सगळेच बाहेर पडायचे आणि मग त्या आधी आत शिरायच्या. आणि सकाळी आठला साहेबांच्या नावाने चारातली एक जागा अडवून ठेवणारा कोण? मीच!

मी केबिनकडे धावलो. मागे तो बाप. आत साहेब पाहुण्यांना पडदा दाखवत होते.

"साहेब, मशीन बंद करतो."

"आत्ता? पाहुणे बसलेत, दिसत नाही?"

मी तार धरली आणि उपटली. पडदा काळा झाला. साहेब किंचाळले, "यू आर सस्पेंडेड!" तेवढ्यात रेकॉर्डमधून कमलताईंचा आवाज आला, "उघडलं गा भाऊ! पेनिसिलिन! पेनिसिलिन नका देऊ तिले!"

थिएटरमध्ये सिस्टरच्या हातात तेच इंजेक्शन भरलेलं होतं. तिने ते खाली ठेवलं.

* * *

आठ दिवसांनी मला परत बोलावलं, कारण मोठं मशीन दुसऱ्या कोणाला सुरूच करता येईना. साहेबांच्या मशीनची तार मी जोडली नाही. त्यावर साहेबांनी तोड काढली. दवाखान्याच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून काचेवर हिरवी अक्षरं काढून घेतली आणि ती काच पडद्यावर बसवली. पाहुण्यांना काही फरक पडला नाही.

महिन्याभराने तो बाप आला, पोरीला घेऊन, पिशवीभर संत्री घेऊन. मला आणि कमलताईंना शोधत होता. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, मलाही बोलावलं. पाहुणे बसलेलेच होते. साहेबांनी मशीनवर थाप मारली.

"हेच ते मशीन! यानेच तुमच्या मुलीचा जीव वाचवला. नमस्कार करा!"

बापाने मशीनकडे पाहिलं. टेबलाखाली लोंबणाऱ्या तारेकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"काहून गंमत करून राहिले जी साहेब? या भाऊनं हे बंद केलं, तवाच तं पोरगी वाचली!"