लवंगेच्या कागदातली द्राक्षं

विज्ञान प्रयोगशाळेतून शेतात उतरलं की देश पुढे जातो, असं आमच्या महाविद्यालयात कराराच्या कार्यक्रमाला मंचावरच्या फलकावर लिहिलं होतं. लवंगेचा वास आला की मला मात्र हिरवा देठ आठवतो. आमच्या महाविद्यालयातल्या एका बाईंनी लवंगेच्या तेलाचा कागद बनवला होता, त्यात द्राक्षं तीन आठवडे टिकत. तो बाजारात आणायला एक कंपनी करार करणार होती, आणि सायखेड्याचे एक बागायतदार पहिल्या वापरासाठी हंगामाचा सगळा माल देणार होते. मंचावर तीन आठवड्यांपूर्वीची म्हणून पेटी उघडली, टाळ्या पडल्या. बागायतदारांनी घड उचलून देठ वाकवला. “मॅडम, एवढ्या दिवसांत देठ वाळतो. हा माल कालचा हाय, लय झालं तर परवाचा.” बाईंनी चमकून कंपनीच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले, “काका, फोटोला टवटवीत माल लागतो हो.” “मग फोटोच विका,” म्हणून काका निघून गेले, आणि करारही बारगळला. साहेबांनी बदलून बाजूला सारलेली खरी, तीन आठवड्यांची पेटी संध्याकाळी बाईंच्या टेबलाखाली सापडली. आता मीही टाळ्यांआधी देठ बघतो. त्या पेटीतले देठ पार वाळले होते. द्राक्षं मात्र उत्तम होती, बाईंनी आणि मी ती तिथेच संपवली.