आक्काचं ‘न्हाई’

आक्का गेल्याचा फोन दाजींनी केला नाही, त्यांच्या ड्रायव्हरने केला. मी बीडमध्ये आमच्या नर्सिंग शाळेत तास घेत होते. फळ्यावर लिहिलं होतं, ‘प्रजनन संस्थेची तपासणी : स्त्री व पुरुष’. मुलींना वाचत बसायला सांगून चौसाळ्याची एसटी धरली. त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, राग सोडा. सोडायचा असता तर हे लिहायला बसलेच नसते.

आक्का, म्हणजे सिंधू, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. परक्या माणसांची अंगं पुसायची का, म्हणून. होस्टेलवर सोडायला एकटी आक्का आली. तिचं सासर चौसाळ्यातलं, जमीनजुमल्याचं. दाजी राजकारणात, त्यामुळे दिवसभर माणसांची वर्दळ, आणि चुलीवरचं चहाचं पातेलं कधी उतरायचं नाही…

दोन वर्षांमागे ती खरेदीला बीडला आली होती. माझ्या मुलींना रुग्णाला प्रश्न विचारायचा सराव हवा होता. पुरुषाला लघवीबद्दल विचारताना त्यांचा आवाज खाली जायचा, बाईला अंगावर जाण्याबद्दल विचारताना तर ऐकूच यायचा नाही. मी आक्कालाच रुग्ण म्हणून खुर्चीवर बसवलं. न्हाण कधी आलं, बाळंतपणं किती, पोटातलं एक कसं गेलं, सगळं तिने मोकळेपणाने सांगितलं. मुलींना हसवलंसुद्धा. मग एका मुलीने विचारलं, पाळी गेल्यावर पुन्हा कधी लाल गेलं का? आक्काने माझ्याकडे पाहिलं. जरा थांबली, आणि म्हणाली, “न्हाई.”

रुग्ण थांबला तर ते थांबणंही लिहून घ्या, असं मी दरवर्षी शिकवते. त्या दिवशी मी म्हणाले, छान, पुढचा प्रश्न.

त्या साली ती नारायणगडाच्या यात्रेलाही गेली नाही. लग्न झाल्यापासून तिने एकही चुकवली नव्हती. गुडघे धरलेत म्हणाली, आणि मी विश्वास ठेवला. अंगावर लाल जात असताना ती गडाची पायरी चढणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तपासणी झाली तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पार पसरला होता. दवाखान्याच्या कॉटवर तिने मला थोडं थोडं करत सांगितलं. दाजींच्या कानावर तिने दोनदा घातलं होतं. पहिल्यांदा ते म्हणाले, घरात एवढी माणसं येतायत, मतदान होऊ दे. दुसऱ्यांदा म्हणाले, वयामुळं होतं असं. त्याच वर्षी दाजींची स्वतःची लघवीची धार बारीक झाली. चौथ्या दिवशी गाडी संभाजीनगरला गेली, प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली, ऑपरेशन झालं. त्यांच्या नळीची पिशवी दोन आठवडे आक्काने रिकामी केली. तिचं स्वतःचं रक्त तेव्हाही जातच होतं.

मी विचारलं, “मला कावून सांगितलं न्हाईस?”

“तू त्यांना बोलली असतीस,” ती म्हणाली. “अन् मला त्याच घरात ऱ्हायचं होतं.”

तेराव्याला मांडव घातला, माइक लावला. पुढारी एकेक करून बोलले. माउली होत्या, त्यांच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, वगैरे. दाजी रुमालाने डोळे पुसत होते. मग शिकलेली बहीण म्हणून माझं नाव पुकारलं. मी माइक घेतला आणि दाजींकडे वळले.

“दाजी, आक्काची पाळी कोणत्या साली गेली?”

मी पुढचं विचारलं, “पुन्हा लाल जायला लागलं, ते किती महिने?” कोणीतरी माइक बंद केला. वर्गात कमावलेला आवाज आहे माझा, तिसरा प्रश्न तसाच विचारला, की तुमची धार अडली तेव्हा कितव्या दिवशी डॉक्टर गाठला. दाजींनी मान वर केली नाही. तेवढ्यात बायकांमधून त्यांच्या धाकट्या भावाची बायको, उषा, उठली. त्या घरात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “चौदा महिने. कापडं मी धूत होते.”

भाच्याने मला सांगितलं, मावशी, या घरात पुन्हा पाय ठेवू नका. दाजींनी निरोप धाडला की मी त्यांची पार अब्रू घालवली. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं. पुढच्या सोमवारी उषा आणखी दोघींना घेऊन बीडला आली, आणि तिघींनी तपासून घेतलं. एक प्रश्न मात्र त्या मांडवात कोणीच विचारला नाही. तू त्या दिवशी वर्गात पुढचा प्रश्न का घेतलास? तो मी स्वतःला विचारते, आणि दाजींसारखीच मान खाली घालते.

शेवटच्या वर्षी आक्का बसल्या जागेवरून उठताना ओटीपोटावर तळहात दाबून धरायची. बीडच्या स्टँडवर एखादी बाई तशी उठताना दिसली की माझे पाय तिकडे वळतात. नर्स आहे म्हणून सांगते, तिला बाजूला घेऊन हळूच विचारते. मग तिला डॉक्टरकडे कधी नेणार, हे तिच्या नवऱ्याला विचारते. ते हळू विचारत नाही.