दुपारी दोनची टूर्नामेंट

मी अमेरिकेत जुगार खेळायचे असं कुणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. एक पैसा लावला नाही, एक पैसा घेतला नाही. पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये सोमवार ते गुरुवार, दुपारी दोनच्या ठोक्याला मी कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि पैशांऐवजीच्या खोट्या चिप्स लावून पोकर टूर्नामेंट खेळायचे. आणि मी चांगली खेळायचे. तेव्हा हे कौतुकाने सांगावं असं कुणी नव्हतं, म्हणून आता सांगते.

नागपूरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत होते. लग्न झालं, नवरा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये. कॉलेजने तीन वर्षांची बिनपगारी रजा दिली आणि २००४च्या उन्हाळ्यात मी आले. माझा व्हिसा डिपेंडंटचा. डिपेंडंट म्हणजे इथे राहा, खा, प्या, पण काम करायचं नाही. नवरा कन्सल्टंट होता. सोमवारी पहाटे टॅक्सी यायची, तो विमानाने ओहायोतल्या क्लायंटकडे जायचा, तो थेट गुरुवारी संध्याकाळी परत. मधले दिवस माझे. रोज रात्री आठला त्याचा फोन यायचा, दहा-पंधरा मिनिटं. "जेवलीस?" "जेवले. तू?" "हो, सबवेचं सँडविच." बस.

मला गाडी येत नव्हती, आणि आमच्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. एका बुधवारी सिंक दुरुस्त करायला मेंटेनन्सचा माणूस आला. "काय झालंय?" त्याने विचारलं, आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, मग नुसतं बोट दाखवलं. सात वर्षं शंभर-शंभर पोरांच्या वर्गात माइकशिवाय शिकवणारी बाई मी! तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर मोठ्याने बाराचा पाढा म्हटला. आवाज होता की जागेवर. वापर नव्हता इतकंच.

पोकर घरात आणलं नवऱ्याने. त्या वर्षी त्याच्या सगळ्या मित्रांना ते खूळ लागलं होतं, टीव्हीवरही सारखं तेच. त्याने एक साइट कॉम्प्युटरवर टाकली, दोनदा हरला आणि विसरून गेला. मी बसले. नियम दोन दिवसांत आले. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांचे मिळून टेबलावर, आणि दर फेरीला ठरवायचं की चिप्स लावायच्या की पत्ते टाकून द्यायचे. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. ज्याच्या संपल्या तो घरी, शेवटी उरेल तो जिंकला.

खऱ्या पैशांच्या टूर्नामेंटही होत्या, पण मी त्यांच्या वाटेला गेले नाही. त्याचं कारण सांगायलाही लाज वाटते. मला भीती होती की चार डॉलर जिंकले तर ती कमाई धरली जाईल, कमाई म्हणजे काम, आणि काम केलं म्हणून व्हिसा रद्द करतील. आता हसू येतं. पण त्या व्हिसावर राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती हसणार नाही.

मला वाटलं, संभाव्यता तर मी शिकवते, इथे मी एकेकाला लोळवीन. कसलं काय! पहिले दोन महिने मी पहिल्या अर्ध्या तासात बाहेर. गणित बरोबर होतं, माझंच चुकत होतं. समोरच्याने जरा जास्त चिप्स लावल्या की मी पत्ते टाकून द्यायचे. चांगले पत्ते असले तरी. त्याच्याकडे काहीतरी असेल म्हणूनच लावतोय ना, उगाच कशाला, असं मनात यायचं. मी टाकलेले पत्ते वहीत लिहून ठेवले आणि शेवटी बाकीच्यांचे उघडले तेव्हा ताडून पाहिले, तर दहापैकी सात वेळा मी जिंकले असते. असा संताप आला स्वतःचा! कोण कुठला टेक्ससचा नाहीतर कॅनडाचा माणूस, त्याचं तोंडही मला दिसत नाही, आणि मी त्याला घाबरून गप्प बसते. काहून?

मग मी नीट बघायला लागले. टेबलावर चेहरे दिसत नसत, नुसती टोपणनावं. पण प्रत्येकाला खेळी करायला थोडे सेकंद मिळत, आणि कोण किती वेळ घेतो ते दिसायचं. मी वहीत तेच लिहायला लागले. महिनाभरात एक गोष्ट लक्षात आली. ज्याला खरंच प्रश्न पडलाय तो वेळ घेतो. जो खटकन मोठी चाल टाकतो, त्याने पत्ते बघायच्या आधीच ठरवून ठेवलेलं असतं की आता घाबरवायचं. नेहमीच नाही, पण माझ्या वहीत पुष्कळदा तसंच निघालं. घाबरवणाऱ्यांची घाई मला ओळखू यायला लागली.

बुधवारी सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या काकू मला त्यांच्या गाडीतून इंडियन स्टोअरमध्ये न्यायच्या. त्या तीस वर्षांपूर्वी आलेल्या, काका डॉक्टर. एकदा परतताना त्या चहाला वर आल्या आणि गप्पा मारता मारता दोन वाजले. मला राहवेना. मी कॉम्प्युटर लावला.

"हे काय गं, पत्ते?"

"काकू, पैसे नाही लावत हं."

"मग कशाला खेळतेस?"

मी म्हटलं, टाइमपास. त्यांनी चहाचा कप धुऊन ठेवला आणि जाताना म्हणाल्या, "एखादं मूल होऊ दे आता." मला इतका राग आला की त्या दिवशी मी पाचव्या मिनिटाला बाहेर झाले.

मार्चमध्ये मी पहिली टूर्नामेंट जिंकले. हजारावर माणसं होती सुरुवातीला. सव्वापाचला आम्ही दोघं उरलो. माझ्या हातात सत्त्यांची जोडी होती, म्हणजे बरी, पण फार मोठी नाही. समोरच्याने खटकन सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. तीन महिन्यांपूर्वीची मी असते तर "जाऊ दे" म्हणून पत्ते टाकले असते. मी मोठ्याने म्हटलं, "खोटं बोलतोस, लेका," आणि कॉल केला, म्हणजे माझ्याही चिप्स तेवढ्याच पुढे लावल्या. त्याच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं.

मी उडीच मारली खुर्चीतून! मग उभी राहिले कार्पेटच्या मधोमध. नवरा मीटिंगमध्ये. नागपूरला पहाट व्हायची होती, आई झोपलेली. काकूंना सांगायची सोय नाही. शेवटी मी तूप घालून शिरा केला आणि पातेल्यातूनच खाल्ला. गोड झाला होता फार.

पण त्यानंतर माझं वागणं बदललं, खरंच सांगते. स्टोअरवाल्याने तारीख उलटलेलं बेसन दिलं तेव्हा मी काउंटरवर परत जाऊन बदलून घेतलं. लायब्ररीत सायंकाळच्या इंग्रजी ग्रुपमध्ये हात वर करून बोलले. वाहनपरवान्याची लेखी परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास. महिन्यातून एखाद-दुसरी टूर्नामेंट मी जिंकायला लागले. आरशात बघून पाढे म्हणायची गरज उरली नाही. एकटी तेवढीच होते, पण भित्री नव्हते.

२००७च्या जानेवारीत आईने कॉलेजचं पत्र पाठवलं. रजा संपते आहे, जूनमध्ये कॉलेज उघडताना रुजू व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. रजा वाढणार नाही. ती नोकरी मला पुन्हा मिळाली नसती. पर्मनंट जागा होती, तिच्यावर टपलेले चाळीस जण होते.

नवरा म्हणत होता, राजीनामा पाठव. कारण कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डची पहिली पायरी सुरू केली होती. आमच्यात सगळे त्याला "लेबर फाइल करणं" म्हणायचे. ते झालं की पुढची दोन पावलं, आणि मग मलाही कामाचा परवाना. "दीड-दोन वर्षं फार तर," तो म्हणायचा, "मग इथल्या कॉलेजात शिकव की." वर्षभर तो हेच सांगत होता आणि मी त्याच्यावरच दिवस काढत होते. मी राजीनामा लिहिला, पाकिटात घातला, वर तिकीट लावलं.

त्या मंगळवारी आठच्या फोनवर मी सहज विचारलं. संशय नव्हता, देवाशपथ.

"अरे, लेबर नक्की कधी फाइल झालं?"

"चौदा सप्टेंबरला," तो म्हणाला.

खटकन. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. ज्या माणसाला आमच्या लग्नाच्या तारखेची दरवर्षी मी आठवण करून द्यायचे, त्याला ही तारीख पाठ. मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. मला हे ओळखता यायला नको होतं. त्या क्षणी मी माझ्या वहीला शिव्या घातल्या.

"बरं," मी म्हटलं. "जेवलास?"

शनिवारी सकाळी मी पोहे केले. त्याच्यासमोर बशी ठेवली आणि शेजारी ते पाकीट ठेवलं.

"आज पोस्टात टाकते. फक्त मला केस नंबर दे लेबरचा. इंटरनेटवर बघता येतो म्हणे."

"ऑफिसच्या मेलमध्ये आहे. सोमवारी देतो." तितक्याच घाईने.

"लॅपटॉप इथेच आहे. आत्ता दे."

"अगं, सिस्टिम डाऊन असते शनिवारी."

"फाइल झालेलंच नाहीये ना?"

त्याने चमचा खाली ठेवला. मग त्याने मान हलवली, नाही अशी.

मी ओरडले. शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं तरी ओरडले. चिडले की माझं सगळं नागपूर बाहेर येतं. वर्षभर खोटं बोललास, माझी नोकरी घालवत होतास, काहून रे, काय बिघडवलं होतं मी तुझं? तो एका शब्दाने उलटून बोलला नाही. मी थकून गप्प झाले तेव्हा तो म्हणाला, "मी कंपनीला कधी विचारलंच नाही. दोनदा मॅनेजरच्या दारापर्यंत गेलो. तो नाही म्हणाला तर प्रोजेक्टही जाईल, असं वाटायचं. आणि..."

"आणि काय?"

"गुरुवारी एअरपोर्टवरून येतो ना, तेव्हा खिडकीत लाइट दिसतो. तू नागपूरला गेलीस तर..."

"म्हणजे तीन वर्षं मी लाइट लावायला इथे होते?" मी म्हटलं. फार लागेल असं म्हटलं, आणि ते त्याला लागलं. हा माणूसही तिकडे ओहायोत तीन रात्री हॉटेलच्या खोलीत एकटाच सबवे खातो, हे मला माहीत होतं. दया येत होती, आणि दया येते म्हणून आणखी राग येत होता.

मी पाकीट फाडलं. कोण खोटं बोलतंय ते मला आता कळत होतं, आपण कुठे बरोबर आहोत ते कळत होतं, आणि मला माझा वर्ग परत हवा होता. हे सगळं शंभर टक्के खरं होतं. तरी मी विचारलं.

"मी जूनला जाऊ?"

तो बोलला नाही. फ्रिज सुरू झाला, बंद झाला. खाली कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला काहीच ओळखता येत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोहे गार झाले.

"जा," तो म्हणाला.

जूनमध्ये मी नागपूरला वर्गात उभी होते, पुढे शंभर पोरं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. तो निर्णय चुकला असं मला कधीच वाटलं नाही. पण त्या शनिवारी तो "थांब" म्हणाला असता तर मी थांबले असते. लेबर सोमवारी फाइल करतो असं पुन्हा खोटं म्हणाला असता, आणि ते खोटं आहे हे मला धडधडीत कळलं असतं, तरीही थांबले असते.