काकवीनं चिकटलेली पानं

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "जाऊ दे गं, किती वर्षं झाली त्याला." आणि तेवढंच मला ऐकायचं नव्हतं. सुटका नको होती असं नाही, पण इतक्या स्वस्तात नको होती. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, आशूलाही ओळखत नाही. बरंच आहे ते.

आशू म्हणजे अश्विनी, माझ्या धाकट्या दिराची मुलगी. आता ती पेठ वडगावला असते, तिला एक लेक आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती सात-आठ वर्षांची, दोन वेण्यांतली एक नेहमी सुटलेली, माझ्या डाव्या गुडघ्याला टेकून बसलेली. गोष्ट रंगात आली की माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. अजूनही कधी दुपारी पुस्तक हातात घेतलं की तो पदर ओढल्यासारखा वाटतो मला. वेडेपणा, दुसरं काय.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. कागलच्या अलीकडे हायवेला लागून आमचा मळा, आणि शाळा हायवेच्या पलीकडे. एकदा शेजारच्या मळ्यातली म्हैस ट्रकनं उडवली, आणि त्या संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की आपली पोरं आता शाळेत जाणार नाहीत, मी घरीच शिकवीन. सासरे म्हणाले, "पोरं काय कोंबड्या हाईत व्हय, घरात कोंडून घालाय?" पण म्हैस सगळ्यांनी बघितली होती. कुणी फार ताणलं नाही.

खरं सांगू? म्हैस निमित्त होती. मी कोल्हापुरात वाढलेली, बी.एड. झालेली, आणि लग्न होऊन उसाच्या मळ्यात आलेली. नोकरी मिळाली नव्हती. मला शाळा हवी होती. माझी स्वतःची — मग ती चार पोरांची का असेना.

चारच होती. माझा निखिल आणि केतकी, दिराची आशू आणि तिचा धाकटा भाऊ सोन्या. निखिल सगळ्यांत मोठा, आशू त्याच्याहून थोडी लहान, मग केतकी. सोन्याचं शिक्षण म्हणजे खडू खाणं.

काय शिकवायचं ते ठरवायला मी एस.टी.नं कोल्हापूर गाठलं. महाद्वार रोडवर पुस्तकांची दुकानं पालथी घातली. ज्याच्या त्याच्या इयत्तेचं पुस्तक ज्याला त्याला द्यायचं म्हटलं तर चार मास्तर लागले असते, आणि मी एकटी. मग मी ठरवलं, गणित ज्याचं त्याचं, बाकी सगळं एकत्र. आणि एकत्र म्हणजे काय, तर मी मोठ्यानं वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. त्यासाठी पुस्तकं अशी हवीत की सोन्या खदखदा हसला पाहिजे आणि निखिलला कंटाळा येता कामा नये. सोपं आहे का ते? मी दुकानात उभ्या उभ्या पान-पान पुटपुटत वाचून बघायची. जीभ अडखळली की पुस्तक परत फळीवर. एका दुकानदारानं शेवटी विचारलंच, "बाई, घ्यायचं हाय, का हितंच संपवायचं?"

आणि सगळ्यांत लाडकं पुस्तक मिळालं ते रद्दीच्या दुकानात. जाड गुळगुळीत कागद, कुठल्या तरी परक्या थंड मुलखातली भाषांतरित गोष्ट. एक अस्वल मेंढीकडून घोंगडं उसनं नेतं आणि परत द्यायचं विसरून गुहेत झोपून जातं. मेंढी बिचारी बर्फातून त्याला शोधत जाते आणि गुहेच्या तोंडाशी उभी राहून ओरडते, "थंडी तुझी, घोंगडं माझं, मग झोप कुणाची?" आमची पोरं ही ओळ दिवसभर ओरडत फिरायची. बर्फ कसा असतो म्हणून विचारलं, तेव्हा मी फ्रीजमधला खरवडून चौघांच्या तळहातावर ठेवला होता.

त्या दुपारी! जेवणं झाली की बाहेरच्या सोप्यात जाजम पडायचं. गुऱ्हाळाचे दिवस असले तर बाहेरून उकळत्या रसाचा वास यायचा. बायका भांडी आवरत असायच्या, आणि मी वाचत असायची, आणि चार तोंडं माझ्याकडे लागलेली असायची. इतकं महत्त्व मला आयुष्यात पुन्हा कुणी दिलं नाही. मला त्या दुपारी परत हव्या आहेत. आणि सांगायला लाज वाटते ती पुढची गोष्ट — मला त्या जशा होत्या तशाच हव्या आहेत.

मी अजून मुद्द्यावर येत नाहीये, कळतंय मला.

निखिल दिवाळीपर्यंत घडाघडा वाचायला लागला. केतकीनं त्याच्या खांद्यावरून बघत बघत उचललं. आशूला मात्र जमेना. मी ताटात रेती पसरून अक्षरं गिरवून घेतली. चिंचोक्यांची अक्षरं मांडली. काल ओळखलेल्या 'म'कडे आज ती अशी बघायची, जसा कुणी परका पावणा दारात आलाय. पोर मेहनत चोरत नव्हती. घाम यायचा तिच्या ओठावर. आणि मी — मी चिडायची. आवाज चढायचा. मग तिचं तोंड एवढंसं झालं की मीच म्हणायची, "चला, उद्या बघू, आता गोष्ट." गोष्टीत सगळं गोड होऊन जायचं. असं उद्या, उद्या करत उन्हाळा आला.

सासऱ्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. त्यांचे एक मित्र होते, निवृत्त हेडमास्तर. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा. ते येऊन पोरांची परीक्षा घेणार, आणि त्यांना पटलं नाही तर जूनमध्ये पोरं मुकाट्यानं शाळेत.

गुरुजी आले. निखिलनं हिशेब केले, केतकीनं कविता म्हटली. मग गुरुजी आशूला म्हणाले, "तू वाच बघू बाळ, तुला आवडंल ते." आशू उठली, आत गेली आणि अस्वलाचं पुस्तक घेऊन आली. मांडी घातली. ओळींखालून बोट फिरवत वाचायला लागली.

काय वाचलं तिनं! माझा आवाज, माझे थांबे, मेंढीचा तो रडवा सूर. गुरुजींनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. क्षणभर मलाही खरं वाटलं. म्हटलं, आलं की हिला! कधी आलं?

आणि मग ती मधल्या पानांवर आली. त्या पुस्तकाची मधली दोन पानं सोन्यानं काकवीचा हात लावून एकमेकांना चिकटवून ठेवली होती. वाफेवर धरून सोडवायची असं मी कधीपासून म्हणत होते, पण राहूनच गेलं. तेवढा मजकूर मी रोज तोंडपाठ म्हणायची आणि पुढे जायची. आशूनं ती जोडपानं एकदम उलटली, आणि त्यांच्या आत जे होतं तेही वाचलं. मेंढीनं केलेली बर्फातली सगळी वाट. बोट मात्र पुढच्या पानावर, भलत्याच ओळींखालून फिरत होतं.

सोप्यात एवढी माणसं होती, पण ते कळलं एकट्या मला.

"आबा, झकास वाचतीया की पोरगी!" गुरुजी सासऱ्यांना म्हणाले. "कशाला घालताय शाळंत?" स्वयंपाकघराच्या दारात आशूची आई, माझी धाकटी जाऊ शोभा, डोळ्याला पदर लावून उभी होती. तिला स्वतःला सहीपुरतंच लिहिता यायचं. तिनं त्या दिवशी सगळ्यांना शिरा केला, आणि मला सगळ्यांत मोठी वाटी दिली. मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी परड्यात कपडे वाळत घालत होते, तर आशू मागून आली. म्हणाली, "काकू, मला वाचाय येत न्हाय. मी नुसतं म्हणती."

बघा, सात-आठ वर्षांचं पोर. स्वतःहून आलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, मारलं नव्हतं. त्या वेळी मी खाली बसून तिला जवळ घ्यायला हवं होतं की नाही? मी इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना. आणि म्हटलं, "कुणाला सांगायचं नाही हं. येईल हळूहळू."

तिनं मान हलवली. खूश झाली हो. काकूचं आणि तिचं गुपित होतं ना आता.

त्यानंतर माझं पुस्तकं निवडणंच बदललं. आधी माझी जीभ अडखळते का ते बघायची, आता बघायची की हे आशूच्या लवकर तोंडात बसेल का. यमकं असलेली, ओळी परत परत येणारी, तेवढीच आणायची. केतकी मोठ्या गोष्टीसाठी हट्ट करायची, तर तिला गप्प बसवायची. निखिल तर कंटाळून पुस्तक घेऊन उसाच्या बांधावर जाऊन बसायला लागला. मी सगळ्यांना सांगायची, पाठांतरानं भाषा पक्की होते. कोल्हापुरात एका महिला मंडळात मी यावर भाषणसुद्धा ठोकलं! पोरांना घरी कसं शिकवावं, या विषयावर. टाळ्या पडल्या. मला शाल दिली त्यांनी. ती अजून आहे.

पण तुम्ही म्हणाल, हे एवढं काय, एक हट्टी बाई आणि एक मागे पडलेलं पोर. नाही. मी सांगायला बसले ते हे नाही.

दोनेक वर्षांनी नवऱ्याला मलकापूरकडे नोकरी लागली. आम्ही बिऱ्हाड हलवलं, माझी शाळा मोडली. तोवर मळ्यापर्यंत एस.टी. थांबायला लागली होती, म्हणून आशू आणि सोन्याला शाळेत घातलं. त्याच वर्षी बेंदराला आम्ही मळ्यात गेलो. बैल रंगवून झाले होते. मी आणि शोभा पोळ्या लाटत होतो, सासरे आणि माझा नवरा पलीकडे पानावर बसलेले. शोभा खाली मान घालून म्हणाली, "अक्का, मास्तर म्हंत्यात पोरीला एक अक्षर वाचाय येत न्हाय. तुमच्याकडं तर झराझरा वाचत हुती की?"

तिनं आरोप केला नव्हता. तिला कोडं पडलं होतं, आणि तिच्या ओळखीत शिकलेलं माणूस म्हणजे मी.

आशू दारात उभी होती. हातात मातीचा बैल, बोटांना काव लागलेली. माझ्याकडे बघत होती. घाबरून नाही बरं का. वाट बघत होती. काकूला माहीत आहे, काकू आता सांगेल, अशी.

मी म्हणाले, "माझ्याकडे छान वाचायची. आता आळस करत असेल."

शोभानं हातातलं लाटणंच उगारलं. एक पाठीवर, एक दंडावर. बैल पडून फुटला. पोर रडली, पण बोलली नाही. तिनं फक्त म्हणायचं होतं की काकूला माहीत होतं. एवढंच! मी तिला कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, आणि ती मार खातानासुद्धा ते पाळत होती. आणि मी? मी पुढची पोळी तव्यावर टाकली. ती फुगली कशी, तेही आठवतं मला.

मग आशू आळशी ठरली. पुढे ढ ठरली. सातवीनंतर शाळा सुटली. निखिल इंजिनिअर झाला, केतकी बँकेत आहे, सोन्याही बरा शिकला. लोक म्हणतात, तुमच्या हाताखाली पोरं चांगली निघाली. आशूचं नाव निघालं की म्हणतात, तिच्या डोक्यातच नव्हतं. मी हो ला हो करते.

गेल्या वर्षी पेठ वडगावला एका लग्नाला गेले होते, तेव्हा तिच्या घरी डोकावले. माणसं चांगली आहेत. तिनं चहा केला, काकू काकू करत माझ्या पायाशी बसली. अंगानं भरली आहे, पण वेणी तशीच एका बाजूनं सुटते. तेवढ्यात तिची चार वर्षांची लेक एक रंगीत पुस्तक घेऊन आली आणि तिच्या मांडीत घुसली. "आई, वाच."

मी चहाचा कप खाली ठेवला.

आशूनं पुस्तक उघडलं. ओळींखाली बोट ठेवलं. आणि सुरू केलं — डोंगराच्या पलीकडे एक अस्वल राहत होतं. माझा आवाज, माझे थांबे. इतक्या वर्षांनी एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. मला इतकं भरून आलं! ती दुपार, ते जाजम, तो रसाचा वास, सगळं आलं. थांबवावंसं वाटेना. पुढची ओळ माझ्याही ओठांवर आली होती.

लेकीनं चित्रावर हात मारला. "ह्यात अस्वल कुटं हाय? हत्ती हाय की."

"आत झोपलंय ते," आशू म्हणाली, आणि हसून माझ्याकडे बघितलं. तशीच बघत होती, दारातल्यासारखी. "आज्जीला इचार. आज्जीनंच शिकवलंय मला वाचाय."

पोरीनं माझ्याकडे तोंड वळवलं. "व्हय आज्जी? हाय आत?"

"हाय की," मी म्हणाले.

पोरीला पटलं. तिनं आईच्या छातीवर डोकं टेकलं, आणि आशूनं पान उलटलं.